मुलांचा फोन: सुरक्षा आणि खासगीपणा दोन्ही सांभाळायचे तर काय, कोणत्या क्रमाने करावं

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक गोष्ट ठरवली. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजणार आणि पुढचा दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला. आणि शहरांमध्ये अनेक आईवडील तिसराच मार्ग धरतात: मुलाच्या फोनमध्ये त्याला न सांगता पाळतीचं अ‍ॅप टाकतात.

तिन्ही उपायांमागची काळजी एकच आहे आणि ती खरी आहे. पण त्यांची किंमत सारखी नाही. वडगावच्या भोंग्याने कुठल्याही मुलाची कसलीही माहिती कोणाच्या हाती जात नाही, शिवाय नियम मोठ्यांनाही लागू आहे. बांशीच्या बंदीत धोक्याबरोबर अभ्यास, मैत्री आणि अडचणीत मदत मागण्याचं साधनही जातं. छुप्या अ‍ॅपमध्ये मुलाचं सगळंच उघडं पडतं: त्याचे मेसेज, फोटो, तो कुठे आहे हे. तेही फक्त आईवडिलांपुढे नाही, ते अ‍ॅप चालवणाऱ्या अनोळखी कंपनीपुढेही.

म्हणून कोणताही उपाय करण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: यातून माझ्या मुलाची कोणती माहिती, कोणाकडे जाणार आहे, आणि तेवढ्या बदल्यात नेमका कोणता धोका टळणार आहे? या प्रश्नाला धरून चाललं की कामांचा क्रम आपोआप लागतो. मुलाची माहिती न घेता जे उपाय होतात ते आधी, उघड आणि मर्यादित देखरेख त्यानंतर, आणि मेसेज वाचणं सगळ्यात शेवटी, तेही ठरलेल्या प्रसंगीच. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो.

पायरी १: भीतीला नाव द्या

"मोबाइलमुळे पोरं हाताबाहेर जातात" एवढंच म्हणून काही करता येत नाही. कागद घ्या आणि आपल्या मुलाबाबतीत खरी भीती कशाची आहे ते लिहा. अनोळखी माणूस गोड बोलून फोटो मागेल याची? वर्गातली मुलं ग्रुपवर टर उडवतात याची? गेममध्ये पैसे जातील याची? रात्री दोनपर्यंत रील पाहत बसण्याची? नको ते समोर येण्याची?

प्रत्येक भीतीचा उपाय वेगळा असतो. रात्रीच्या जागरणावर मेसेज वाचून काही होत नाही. फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावला की काम होतं. स्क्रीनची वेळ मोजणाऱ्या अ‍ॅपला ब्लॅकमेल कळत नाही, कारण ते पाच मिनिटांच्या बोलण्यातही होऊ शकतं. आणि वर्गातला छळ बहुधा शाळेतल्याच ओळखीच्यांकडून होतो, त्यामुळे "अनोळखी लोकांशी बोलू नकोस" हा सल्ला तिथे लागूच पडत नाही.

यादीत आणखी एक ओळ असायला हवी, जी पालक सहसा लिहीत नाहीत: कंपन्या, शाळा, क्लास आणि आपण स्वतः मुलाबद्दल गोळा करत असलेली माहिती. तीही सुरक्षेचीच बाब आहे. मुलाचं नाव, शाळा, घराचा परिसर आणि चेहरा एकत्र मिळाला की वाईट हेतूच्या माणसाचं अर्धं काम झालेलं असतं.

पायरी २: बाहेरच्यांची वाट बंद करा

हे काम मुलाला शेजारी बसवून, त्याच्याच हातात फोन देऊन करा. तास-दीड तास लागतो. यातली एकही गोष्ट मुलाच्या खासगीपणाला धक्का लावत नाही, उलट तो वाढवते. म्हणूनच मुलंही सहसा विरोध करत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपपासून सुरुवात करा. सेटिंग्जमध्ये गोपनीयता उघडून आपल्याला ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं ते "माझे संपर्क" एवढंच ठेवा. भलत्या ग्रुपमध्ये ओढल्या जाण्याचे प्रकार इथेच कमी होतात. प्रोफाइल फोटो, शेवटचं ऑनलाइन आणि स्टेटसही संपर्कांपुरतंच ठेवा. अनोळखी नंबरवरून येणारे कॉल गप्प करण्याची सोय तिथेच कॉलच्या विभागात आहे, ती चालू करा. खात्याला दुसऱ्या टप्प्याचा पिन लावा. मग "जोडलेली उपकरणं" उघडून बघा, कुठल्या अनोळखी संगणकावर खातं उघडं राहिलंय का. सायबर कॅफेत किंवा मैत्रिणीच्या लॅपटॉपवर उघडलेलं खातं तसंच राहून गेल्याचं अनेकदा आढळतं.

इन्स्टाग्रामवर मुलाचं वय खरं टाकलेलं असेल तर पुष्कळ काम आधीच झालेलं असतं. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात अल्पवयीन मुलांसाठी वेगळी खाती आहेत. ती सुरुवातीपासूनच खासगी असतात, अनोळखी लोकांना थेट मेसेज करता येत नाहीत, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात. सोळा वर्षांखालच्या मुलाला हे नियम सैल करायचे असतील तर पालकाची परवानगी लागते. अडचण अशी की कितीतरी मुलांनी खातं काढताना जन्मवर्ष खोटं टाकलेलं असतं, अनेकदा दादाच्या किंवा ताईच्या मदतीने. ते आधी दुरुस्त करून घ्या, आणि करताना रागावू नका. खोटं वय टाकल्यामुळे मूल मोठ्यांच्या जगात, मोठ्यांच्या नियमांत उभं असतं, एवढं समजावलं तरी पुरतं.

गेमकडे पालकांचं लक्ष सगळ्यात कमी जातं. बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्समध्ये अनोळखी खेळाडूंबरोबर संघ जमला की त्यांचा आवाज थेट मुलाच्या कानात असतो, आणि तिथून "चल, नंबर दे" हे अंतर फार थोडं आहे. आवाजाची सोय फक्त ओळखीच्या मित्रांबरोबर खेळताना चालू ठेवायची, असं ठरवा. खेळाडूच्या नावात खरं आडनाव, जन्मवर्ष किंवा गाव नको. स्नॅपचॅट वापरत असेल तर नकाशावर आपण कुठे आहोत हे कोणालाही न दाखवणारा पर्याय निवडा.

मग फोनच्याच सेटिंग्जमध्ये जाऊन कोणत्या अ‍ॅपला ठिकाण, माइक, कॅमेरा आणि संपर्कयादी बघायची परवानगी आहे ते एकेक करून तपासा. टॉर्च किंवा कीबोर्डच्या अ‍ॅपला संपर्कयादी कशाला लागते? काढून टाका. नकाशासारख्या अ‍ॅपला ठिकाण "फक्त अ‍ॅप वापरताना" द्या. कॅमेऱ्यात फोटोबरोबर ठिकाण साठवण्याची सोय बंद करा. अँड्रॉइडवर गूगलच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या विभागात जाऊन जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातदार ज्यावरून फोन ओळखतात तो क्रमांक, पुसता येतो, तोही पुसून टाका.

पायरी ३: आपल्याकडून होणारी गळती थांबवा

मुलाची बरीच माहिती बाहेर जाते ती त्याच्या नाही, आपल्या फोनमधून. बारशाला पूर्ण नाव आणि जन्मवेळेसकट फोटो, पहिल्या दिवशी गणवेशात शाळेच्या फाटकासमोर उभं करून काढलेला फोटो, शाळेच्या नावासह निकालपत्रक, अंघोळीचा गोंडस व्हिडिओ. स्टेटस ठेवणाऱ्या आत्याचं किंवा मामाचं मुलावर प्रेमच असतं. पण त्यांच्या संपर्कांत कोण कोण आहे, ते त्यांनाही आठवत नाही.

घरात साधा नियम करा: उघड्या अंगाचा फोटो कोणालाही पाठवायचा नाही, शाळेचं नाव किंवा बिल्ला दिसणारा फोटो स्टेटसला ठेवायचा नाही, आणि मूल सात-आठ वर्षांचं झालं की फोटो टाकण्याआधी त्याला विचारायचं. हे विचारणं फार मोलाचं आहे. माझ्या चित्रावर माझा हक्क आहे आणि मी नाही म्हणू शकतो, हे मूल घरातच शिकतं. उद्या कोणी फोटो मागितला तर नाही म्हणायचं बळ इथूनच येतं.

डॉक्टरांना फोटो पाठवतानाही थोडा विचार हवा. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका वडिलांनी २०२१ मध्ये लहान मुलाच्या जननेंद्रियाजवळची सूज डॉक्टरांना दाखवायला फोटो काढला. तो आपोआप गूगलच्या साठवणीत गेला, यंत्रणेने तो बालशोषणाचा म्हणून पकडला आणि त्यांचं खातं बंद झालं. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नसल्याचं सांगितलं, तरी खातं परत मिळालं नाही. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवण्याची पद्धत रुळली आहे. अशा भागाचा फोटो अगदीच लागला तर आधी फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद करा, व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो गॅलरीत जमा होणं बंद करा, आणि काम झालं की दोन्हीकडून फोटो पुसा. शक्य असेल तर मुलाला दवाखान्यात घेऊन जाणंच उत्तम.

शाळा आणि क्लासकडेही लक्ष द्या. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांतली १६४ शैक्षणिक अ‍ॅप्स आणि संकेतस्थळं तपासली, तेव्हा १४६ ठिकाणी मुलांच्या माहितीच्या हाताळणीत त्यांच्या हक्कांना धोका असल्याचं दिसलं. त्यात आपलं दीक्षा हे सरकारी शैक्षणिक अ‍ॅपही होतं. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड ज्या दीक्षाकडे नेतात, तेच. पुढे जानेवारी २०२३ मध्ये उघड झालं की दीक्षाच्या एका उघड्या राहिलेल्या सर्व्हरवर १० लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती पडून होती. कोणी वाईट हेतूने गोळा केली नव्हती. नीट जपली नव्हती, एवढंच. मुलाच्या बाबतीत परिणाम तोच.

मग करायचं काय? शाळेच्या ग्रुपवर मुलाचा आधार क्रमांक किंवा जन्मदाखल्याचा फोटो टाकू नका. सगळे पालक आणि त्यांच्या घरातले सगळे तो बघू शकतात. कार्यालयात छापील प्रत द्या. आधारची प्रत लागलीच तर आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते, ती पुरते का विचारा. २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही असं स्पष्ट केलं आहे. अपार आयडीच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या शैक्षणिक ओळखक्रमांकाच्या, संमतीपत्रावर सही करण्याआधी ते वाचा, कारण ती संमती पालकाने द्यायची असते आणि नाकारताही येते. स्नेहसंमेलनाचे फोटो शाळा कुठे टाकते, क्लासवाले दहावीच्या निकालानंतर मुलीचा फोटो आणि नाव फ्लेक्सवर लावण्याआधी विचारतात का, हे पालकसभेत विचारायला हवं. एकट्याने विचारलं की शंकेखोर ठरवतात. आठ-दहा पालकांनी मिळून लेखी विचारलं की शाळा नियम करते.

पायरी ४: देखरेख ठेवायची तर उघड

लहान मुलासाठी देखरेख लागतेच. प्रश्न ती कशी ठेवायची एवढाच आहे. अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक आणि आयफोनवर स्क्रीन टाइम, दोन्ही मोफत आहेत आणि दोन्हींत मुलाला कळतं की देखरेख चालू आहे. कोणतं अ‍ॅप किती वेळ वापरलं ते दिसतं, नवीन अ‍ॅपला परवानगी देता येते, रात्री फोन बंद ठेवता येतो. मुलाचे मेसेज मात्र वाचता येत नाहीत. इन्स्टाग्रामच्या पालक-देखरेखीतही गेल्या सात दिवसांत मूल कोणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते नाही. माझ्या मते ही मर्यादा अगदी योग्य जागी घातलेली आहे. कोणाशी, किती वेळ, केव्हा एवढं समजलं की पुढचं विचारता येतं.

आयफोनमध्ये आणखी एक चांगली सोय आहे. नग्न फोटो आला किंवा पाठवायला घेतला तर फोन तो धूसर करून मुलाला सावध करतो. तपासणी फोनच्या आतच होते, फोटो कंपनीकडे जात नाही.

छुपी अ‍ॅप्स मात्र टाळाच. २०१८ मध्ये टीनसेफ नावाच्या अशाच पालकांसाठीच्या अ‍ॅपचे सर्व्हर उघडे सापडले. त्यात मुलांच्या अ‍ॅपल खात्यांचे ईमेल आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत होते, आणि ते अ‍ॅप चालण्यासाठी खात्याचं दुहेरी कुलूप काढून ठेवावं लागत होतं. मुलाला जपण्यासाठी घेतलेल्या साधनानेच त्याचं खातं असुरक्षित केलं. मुलाचं व्हॉट्सअ‍ॅप गुपचूप आपल्या लॅपटॉपला जोडून वाचणं हाही त्यातलाच प्रकार. त्यात दुसऱ्यांच्या मुलांचेही मेसेज वाचले जातात, हे लक्षात घ्या. तुमच्या मुलीची मैत्रीण तिच्या घरातली अडचण तुमच्या मुलीला सांगते, तुम्हाला नाही.

आणि छुपी पाळत कधी ना कधी उघडी पडतेच. मग मूल आपलं बोलणं दुसऱ्या अ‍ॅपवर, दुसऱ्या खात्यावर, मित्राच्या फोनवर नेतं. त्याहून वाईट म्हणजे खरं संकट आलं की ते तुमच्याकडे येत नाही.

वयाप्रमाणे सांगायचं तर दहाच्या आत स्वतःचा फोन नको, घरातला फोन सगळ्यांसमोर वापरू द्या. या वयात खासगीपणापेक्षा सोबत मोठी. दहा ते तेरा या काळात फॅमिली लिंक पूर्ण चालू, अ‍ॅप विचारून. व्हॉट्सअ‍ॅपची अट तेरा वर्षांची आहे, ती गंभीरपणे घ्या. शाळेचा ग्रुप आईबाबांच्या नंबरवर ठेवता येतो. तेरा ते सोळा हा सगळ्यात नाजूक टप्पा: अ‍ॅपची परवानगी आणि रात्रीची वेळ तुमच्या हातात राहू द्या, पण मेसेज त्यांचे. सोळानंतर दर सहा महिन्यांनी एकेक बंधन मिळून उठवत जा, म्हणजे अठराव्या वर्षी एकदम सगळं मोकळं होणार नाही.

पायरी ५: मेसेज कधी वाचणार, ते आधीच सांगा

हे मुलाबरोबर बसून लिहूनच काढा. भाषा साधी असू द्या. उदाहरणार्थ:

"तुझे मेसेज मी वाचणार नाही. पण तू जेवणं-झोपणं टाकलंस, फोन वाजला की दचकायला लागलीस, कोणी मोठा माणूस तुला भेटायला बोलावतोय असं कळलं किंवा तू स्वतःला इजा करशील असं वाटलं, तर मी आधी तुला विचारेन. तरीही काळजी गेली नाही तर तुझ्यासमोर, तुझ्याबरोबर फोन बघेन. तुझ्या पाठीमागे बघणार नाही."

आणि दुसरं वाक्य याहून महत्त्वाचं: "तू काहीही केलं असलंस, फोटो पाठवला असलास तरी, मला सांगितल्याबद्दल तुझा फोन काढून घेणार नाही आणि तुझं शिक्षण थांबवणार नाही." आपल्याकडे मुली गप्प बसतात त्याचं मोठं कारण हेच असतं. एकदा काही झालं की फोन बंद, क्लास बंद, कधी कधी लग्नाची घाई. ब्लॅकमेल करणाऱ्यांना ही भीती नेमकी ठाऊक असते. तिच्यावरच त्यांचा धंदा चालतो.

नियम मुलगा आणि मुलगी दोघांना सारखे हवेत. मुलाला मोकळीक आणि मुलीच्या फोनची रोज झडती असं अनेक घरांत चालतं. फोटोवरून ब्लॅकमेल होणाऱ्यांत किशोरवयीन मुलगेही असतात, आणि ते लाजेने अधिकच गप्प राहतात.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम १६ मुलाच्या खासगीपणाचं आहे. भारताने हा करार १९९२ मध्ये मान्य केला. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. घरात कोणी "पोरांचं कसलं प्रायव्हेट?" म्हणालं तर हे त्यांना सांगता येईल.

पायरी ६: वय सिद्ध करायला सांगितलं तर

येत्या काळात हा प्रश्न प्रत्येक घरात येणार आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला बंदी केली. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून अश्लील संकेतस्थळांना वयाची तपासणी करावी लागते. मेलबर्न किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना याचा अनुभव आलाही असेल. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलं आहे. त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांच्या वागण्याचा माग काढणं व त्यांना नेम धरून जाहिराती दाखवणं यांना बंदी आहे. मुलांबाबतची कर्तव्यं मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांना तयारीसाठी १८ महिन्यांची मुदत आहे.

माग काढण्यावरची बंदी मला मनापासून पटते. पण मूल कोण हे ओळखायचं तर सगळ्यांचंच वय तपासावं लागतं, आणि त्यातून ओळखपत्रांचे नवे साठे तयार होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपने कळवलं की त्यांच्या एका बाहेरच्या सेवा पुरवठादाराकडून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. वयाबद्दलच्या तक्रारी सोडवण्यासाठी लोकांनी ते दिले होते. दुसरी गोष्ट सतरा वर्षांच्या मुलांची. सात वर्षांचं मूल आणि बारावीतला मुलगा एकाच तराजूत तोलणं मला चूक वाटतं. घरातल्याच माणसाकडून त्रास होणाऱ्या मुलीने ऑनलाइन आधार शोधायला त्याच घराची परवानगी आणायची, असं व्हायला नको.

तोवर एवढं करा. मुलाचं ओळखपत्र कुठल्याही अ‍ॅपला देऊ नका. पालक म्हणून संमती देता येत असेल तर तीच द्या. चेहरा दाखवून वयाचा अंदाज घेण्याचा पर्याय असेल तर फोटो साठवला जातो की लगेच पुसला जातो ते वाचा. एखाद्या किरकोळ गेमने आधारचा फोटो मागितला तर तो गेम काढून टाका.

याच वादाचं मोठं रूप म्हणजे मेसेज कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन. बालशोषण करणाऱ्यांचा माग काढण्यासाठी ते तोडायला परवानगी द्यावी, असं राज्यसभेच्या एका समितीने जानेवारी २०२० मध्ये सुचवलं. अ‍ॅपलने ऑगस्ट २०२१ मध्ये आयफोनवरचे फोटो क्लाउडमध्ये जाण्याआधी तपासण्याची योजना जाहीर केली आणि जोरदार टीकेनंतर डिसेंबर २०२२ मध्ये ती सोडून दिली. मी मुलांच्या बाजूने बघतो, आणि म्हणूनच मला एन्क्रिप्शन हवं आहे. पोलिसांसाठी ठेवलेली फट फक्त पोलिसांपुरती राहत नाही, आणि मुलांचे फोटो, त्यांचं ठिकाण, त्यांचं बोलणं याच कुलपामागे आहे. तक्रार करायचं बटण मुलाला सापडणं आणि तक्रारीनंतर कंपनी व पोलिस हलणं, यावर जोर दिला तर जास्त मुलं वाचतील.

पायरी ७: फोटोवरून धमकी आली तर

हा भाग मुलालाही वाचायला द्या.

पहिल्यांदा मुलाला जवळ घ्या आणि सांगा, "तू सांगितलंस ते बरं केलंस." प्रश्न नंतर.

पैसे देऊ नका. दिले की मागणी वाढते. धमकावणाऱ्याशी वाद किंवा विनवणीही नको.

खातं किंवा चॅट पुसू नका, तो पुरावा आहे. धमकीचे मेसेज, समोरच्याचं वापरकर्ता नाव, प्रोफाइलची लिंक, फोन नंबर, पैसे मागितलेला यूपीआय आयडी, तारीख आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या. मुलाचा नग्न फोटो असलेल्या भागाचा स्क्रीनशॉट मात्र घेऊ नका आणि तो फोटो कोणालाही पाठवू नका: वकील असलेल्या काकांना नाही, शाळेला नाही, "पुरावा म्हणून" नातेवाइकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार असं साहित्य पाठवणं गुन्हा आहे, आणि सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते न कळवता साठवून ठेवण्याबाबतही कडक भूमिका घेतली आहे. फोन आहे तसा पोलिसांना दाखवा. हे सगळं टिपून झालं की त्या खात्याची अ‍ॅपमध्ये तक्रार करून ते ब्लॉक करा.

मग तक्रार. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास आणि मोफत. सायबर गुन्ह्यांसाठी १९३०, पैसे गेले असतील तर विलंब न लावता. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर बालशोषणाच्या साहित्याची तक्रार नाव न देताही करता येते. तात्काळ धोका असेल तर ११२. जवळचं कोणतंही पोलिस ठाणं तक्रार घेऊ शकतं, "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर मान्य करू नका.

पोलिसांकडे जायला कुटुंबं घाबरतात ती मुख्यतः बदनामीला. पॉक्सो या मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात त्यासाठी तरतुदी आहेत, त्या आग्रहाने मागा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो माध्यमांत छापायला बंदी आहे. शिक्षकांनी हेही लक्षात ठेवावं की मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती असूनही न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. "शाळेच्या नावासाठी" प्रकरण दाबता येत नाही.

फोटो पसरू नये म्हणून टेक इट डाउन ही अमेरिकेतली मोफत सेवा आहे. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोसाठी ती जगात कुठूनही वापरता येते. फोटो त्यांच्याकडे पाठवावा लागत नाही; फोनमध्येच त्याचा एक अंकी ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅटसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारा फोटो शोधून काढतात. नाव द्यावं लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी चॅटमध्ये मात्र ती चालत नाही. फोटो एखाद्या संकेतस्थळावर दिसला तर मुंबईतल्या आरंभ इंडिया या संस्थेने ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनबरोबर २०१६ मध्ये सुरू केलेल्या पोर्टलवर ती लिंक कळवता येते. मुलाचा खासगीपणा राखून त्याचं रक्षण करता येतं, हे या दोन सेवा करून दाखवतात.

त्यानंतरचे काही आठवडे मुलावर लक्ष ठेवा, फोनवर नाही. झोप, जेवण, शाळेत जाणं यांत फरक दिसला तर समुपदेशकाकडे न्या.

पायरी ८: अठरा पूर्ण झाल्यावर

हे काम बहुतेक घरांत राहून जातं. वाढदिवसाच्या आठवड्यात बसून फॅमिली लिंक आणि बाकीची देखरेख काढा, मुलाच्या खात्यांवरचे तुमचे नंबर आणि ईमेल बदलून त्याचे स्वतःचे टाका, पासवर्ड त्याला बदलू द्या. तुमच्या फेसबुकवरचे आणि गूगल फोटोमधले त्याचे जुने फोटो त्याला दाखवा आणि तो सांगेल ते पुसा. लहानपणी काढलेलं आधार नको असेल तर अठरा पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते रद्द करण्यासाठी अर्ज करायचा हक्क २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दिला आहे. ही मुदत त्याला त्याच आठवड्यात सांगा. जुन्या क्लासला आणि शैक्षणिक अ‍ॅप्सना ईमेल करून खातं आणि माहिती पुसायला सांगा, आणि तो ईमेल त्याच्या हातून, त्याच्याच नावाने जाऊ द्या.